टेक्सोमावर थंडीत स्ट्रायपर गरवायला जायचंय?

प्लेनो, फ्रिस्को, ॲलन या डॅलसच्या उत्तरेकडच्या गावांतली आपली मंडळी थंडी सुरू झाली की विचारतात, "टेक्सोमाला गेलं तर मासा नक्की मिळतो का?" लगेच दुसरा प्रश्न, "रॉड कुठला घेऊ?" रॉडचं नंतर बघू, आधी मोज्यांचं बोलू या. जानेवारीत लेक टेक्सोमावर, म्हणजे टेक्सास-ओक्लाहोमाच्या सीमेवरच्या त्या तलावावर, पहिल्यांदा गेलेल्या माणसाची सकाळ मासा न मिळाल्याने वाया जात नाही, ती पाय भिजल्याने वाया जाते.

माझी पहिली सकाळ तशीच गेली. जीन्स, सुती मोजे, पळायचे बूट आणि वर एक जाडजूड जॅकेट, एवढ्या तयारीवर मी बोटीत चढलो. साडेआठला माझ्या गळाला चांगला मासा लागला आणि रिळाचा दांडा धरायला बोटंच जागेवर नव्हती. शेजारच्या काकांनी, म्हणजे मित्राच्या वडिलांनी, तो ओढून घेतला आणि उरलेला हिवाळाभर प्रत्येक पॉटलकला ती गोष्ट सांगितली. त्यांच्या डोक्यावर माकडटोपी होती.

मासा कुठला

स्ट्राइप्ड बास म्हणजे इथल्या बोलीत स्ट्रायपर. चंदेरी अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा असतात. मूळचा हा अटलांटिक किनाऱ्याचा. एरवी समुद्रात राहतो आणि वसंतात अंडी घालायला हडसनसारख्या किंवा चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांमध्ये वर चढतो. रायगडकडच्या लोकांना जिताडा आठवेल. त्याचा प्रवास बरोब्बर उलटा, खाडीत आणि गोड्या पाण्यात वाढायचं नि अंडी घालायला समुद्राकडे जायचं. पण दोघांनाही खारं-गोडं दोन्ही चालतं, आणि या कहाणीत तेच कामाला आलं.

साउथ कॅरोलायनात १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला सँटी आणि कूपर नद्यांवर धरणं झाली. तिथले स्ट्रायपर समुद्रात न जाताही जगतात आणि वाढतात असं पुढे ध्यानात आलं. मग इतर राज्यांनीही आपल्या तलावांत हा मासा सोडून पाहिला. रेड नदीवरचं डेनिसन धरण १९४४ मध्ये पुरं झालं, त्याच्यामागे टेक्सोमा पसरला आणि १९६५ पासून काही वर्षं ओक्लाहोमाने इथे स्ट्रायपर सोडले. बऱ्याच तलावांत दर वर्षी नवी पिल्लं सोडावी लागतात. इथे लागत नाहीत. या माशाची अंडी उबायला साधारण दोन दिवस लागतात आणि तोवर ती वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात. तळाला बसली की गाळात गुदमरून मेली. टेक्सोमाला मिळणाऱ्या रेड आणि वॉशिटा या दोन्ही नद्या अंडी उबेपर्यंत वाहत ठेवण्याइतक्या लांब आहेत. म्हणून इथला स्ट्रायपर इथेच जन्मतो.

त्याच पाण्यात सँड बास म्हणून त्याचा छोटा भाऊबंदही असतो. लांबून दोघे सारखेच दिसतात. सँड बास आखूड नि पाठीकडे उंच असतो, त्याच्या रेघा फिकट असतात आणि सहसा एकच शेपटीपर्यंत पोचते. शंका आली तर जिभेवर बोट फिरवून बघा. मागच्या बाजूला दातांचे दोन वेगवेगळे खरखरीत पट्टे लागले तर स्ट्रायपर, एकच लागला तर सँड बास. दोघांसाठी नियम वेगळे आहेत, त्यामुळे ही ओळख नुसती हौस म्हणून नाही.

थंडीतच का

उन्हाळ्यात टेक्सोमावर जेट स्की, पार्टीच्या बोटी आणि गोंगाट असतो. थंडीत तलाव रिकामा असतो, मोठे मासे मिळण्याची शक्यता बरी असते आणि सोडलेला मासा जगण्याची शक्यताही जास्त असते. कढत पाण्यात ओढून काढलेला स्ट्रायपर परत सोडला तरी पुष्कळदा मरतो.

परवाना आणि हद्द

तलाव दोन राज्यांत आहे, आणि मोठा भाग ओक्लाहोमाच्या बाजूला. नुसत्या टेक्सासच्या परवान्यावर तुम्ही टेक्सासच्या पाण्यापुरते. बोट मासळीच्या मागे जाते, राज्याची रेघ बघून थांबत नाही. म्हणून लेक टेक्सोमा परवाना नावाचा वेगळा परवाना मिळतो, तो सगळ्या तलावावर चालतो. टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या संकेतस्थळावरून तो घरबसल्या काढता येतो आणि किंमत किरकोळ आहे. भारतातून आलेल्या आई-वडिलांनी हातात रॉड धरायचा असेल तर त्यांनाही काढा. १६ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. आदल्या रात्री अकराला फोनवर काढायला बसू नका. सासऱ्यांचा पासपोर्ट कुठल्या बॅगेत आहे ते त्याच वेळी सापडत नाही.

माणशी रोज १० मासे ठेवता येतात, स्ट्रायपर आणि त्याचे संकर मिळून. त्यातले २० इंच (सुमारे ५१ सेंटिमीटर) किंवा जास्त लांबीचे फक्त दोन. आणखी एक नियम नवख्यांना माहीत नसतो. एकदा मासा बोटीतल्या टाकीत ठेवला की तो तुमच्या हिशेबात धरला जातो. नंतर मोठा मिळाला म्हणून आधीचा लहान पाण्यात सोडता येत नाही. ठेवायचा की सोडायचा ते गळ काढतानाच ठरवायचं. नियम बदलू शकतात, तेव्हा जाण्याआधी दोन्ही राज्यांची त्या वर्षीची पानं एकदा वाचा.

गाइड निवडताना

पहिल्या खेपेला गाइडबरोबरच जा. स्वतःची बोट असली तरी. गाइडकडे रॉड, रीळ, आमिष सगळं असतं, शेवटी तो मासे साफ करूनही देतो. पण फोनवर "किती मासे मिळतील" एवढंच विचारून ठेवू नका. बोट केवढी आहे, चार जण आरामात बसतील का? शौचालय आहे का? (बहुतेक उघड्या बोटींवर नसतं. चार-पाच तासांचा मामला आहे, बायकामंडळी आणि वडीलधारे असतील तर हे सगळ्यात आधी.) मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का? वारा वाढला तर कधी आणि कोण रद्द करणार, आणि आगाऊ पैशांचं काय? राज्याचा गाइड परवाना आहे ना? हे विचारल्यावर जो चिडतो त्याच्याबरोबर जाऊ नये.

वाऱ्याचा प्रश्न मी अनुभवाने शिकलो. एका गाइडने, नाव घेत नाही, उत्तरेचा वारा चढत असताना "जरासं हलेल" म्हणून बोट काढली. अर्ध्या तासात लाटा बोटीच्या पुढच्या टोकावरून आत येत होत्या आणि आमच्यातली दोन मुलं रडकुंडीला आली होती. पैसे मात्र पूर्ण गेले. टेक्सोमा तलाव असला तरी रुंद आहे, आणि मोकळ्या पाण्यावर उत्तरेचा वारा मैलोन्‌मैल लाटा ढकलत आणतो. इथल्या थंडीचा स्वभावही विचित्र आहे. सकाळी स्वेटरवर भागतं आणि दुपारी ब्लू नॉर्दर, म्हणजे उत्तरेकडून अचानक येणारा गार वारा, आला की तासाभरात पारा धाडकन खाली येतो. म्हणून तापमानाच्या आधी वाऱ्याचा वेग आणि दिशा बघा. ताशी १५ मैलांच्या वर वारा सांगितला असेल तर आदल्या संध्याकाळी गाइडला स्वतःहून फोन करा. चांगला गाइड त्याआधीच फोन करतो.

टिप साधारण १५ ते २० टक्के देतात. ती रोख न्या.

कपडे

आता मोजे. सुती काहीही नको, आतलं बनियनसुद्धा नको. सुती कापड ओलं झालं की ओलंच राहतं आणि अंगातली ऊब खेचून घेतं. अंगाला चिकटून लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, त्यावर फ्लीस, सगळ्यांत वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. खाली जीन्सऐवजी बिब म्हणतात ती खांद्यावर पट्टे असलेली जलरोधक पँट. नवी घ्यायची नसेल तर स्कीइंगची चालते. लोकरीचे मोजे दोन जोड, एक पायात आणि एक प्लॅस्टिकच्या पिशवीत. रबरी बूट सैल हवेत, घट्ट बुटात पाय लवकर गारठतात.

एवढं कशाला, तर हिशेब सांगतो. हवा ४० फॅरनहाइट म्हणजे साधारण ४ सेल्सिअस असेल आणि बोट ताशी ३० मैलांनी निघाली, तर उघड्या कातडीला ती २८ फॅरनहाइटसारखी लागते, म्हणजे गोठणबिंदूच्या खाली. धक्क्यावर उभं राहून "एवढी काही थंडी नाही" म्हणणाऱ्यांची तोंडं पाच मिनिटांनी बघण्यासारखी असतात. माकडटोपीला इथे कुणी हसत नाही. हवी तर खुशाल घाला.

हातमोजे बोटांची टोकं उघडी पडतील असे हवेत, नाहीतर तंगूस, म्हणजे गळाची दोरी, हाताला कळत नाही. खिशात हात गरम ठेवायच्या पुड्या ठेवा. गॉगल पोलराइज्ड असला तर पाण्यावरची चकाकी कमी होते.

लाइफ जॅकेट अंगावर घाला, बाकाखाली ठेवू नका. २६ फुटांहून लहान बोट चालू असताना १३ वर्षांखालच्या मुलांना ते टेक्सासमध्ये कायद्यानेच सक्तीचं आहे, पण थंडीत मोठ्यांनीही काढू नये. अशा गार पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट धाप आवरण्यात जातं, त्यानंतर हातपाय नीट चालतात ते जेमतेम दहा मिनिटं. पट्टीच्या पोहणाऱ्याचंही तेच होतं.

खाणंपिणं

थर्मॉसमध्ये आल्याचा चहा, फॉइलमध्ये गुंडाळलेली थालीपिठं किंवा पोळीचा रोल. हातमोजे न काढता खाता येईल असं काहीही. भरपेट तळकट खाऊन निघू नका, बोट एका जागी डुलत राहते तेव्हा पोट ढवळतं. आणि केळी नेऊ नका. बोटीवर केळं अपशकुनी अशी इथल्या गरवणाऱ्यांची पक्की समजूत आहे. आमच्या एका वहिनींनी केळ्याच्या वेफर्सची पिशवी काढली तेव्हा गाइडचा चेहरा पडला. वेफर्स बटाट्याचे आहेत असं आम्ही त्याला सांगितलं. देव क्षमा करो.

पाण्यावर

हायवे ७५ ने शर्मनपर्यंत आणि तिथून पॉट्सबोरोच्या दिशेने. प्लेनोहून सव्वा-दीड तास धरा. जानेवारीत सूर्य साडेसातला उगवतो, आणि त्याच्या आसपासचा तास सोन्याचा असतो. तेव्हा धक्क्यावर वेळेआधी पंधरा मिनिटं पोचा.

पहिली गोष्ट, आकाशाकडे बघा. थंडीत इथे कुरव येतात, पांढरे-करडे, आणि ते पाण्याखालची मासळी दाखवणाऱ्या कुठल्याही सोनार यंत्राइतकेच कामाचे. स्ट्रायपरचा थवा शॅड नावाच्या छोट्या माशांना खालून वर रेटतो आणि वरून कुरव झडप घालतात. कुरव नुसते पाण्यावर बसले असतील तर मासळी खाली असू शकते किंवा नुकतीच हललेली असते. गोल फिरत एकेक करून बुडी मारत असतील तर तिकडे. कोकणात मचव्यावर गेलेल्यांना हे सांगायला नको. गाइड इंजिन लांबच मंद करतो. थव्याच्या मधोमध बोट घातली की सगळं खाली जातं आणि आजूबाजूच्या बोटींवरून जे शब्द ऐकू येतात ते मुलांसमोर नको असतात.

अशा वेळी साधारण एक औंसाच्या शिशाच्या डोक्याचा गळ आणि त्यावर पांढरा, माशासारखा रबरी फ्लूक वापरतात. लांब फेका, थोडा बुडू द्या, आणि सावकाश गुंडाळा. तुम्हाला सावकाश वाटतं त्याच्याही निम्म्याने.

ऊन वर आलं की मासळी बरेचदा २० ते ५० फुटांवर उतरते. मग ज्यासाठी टेक्सोमाचा हिवाळा नावाजलेला आहे ते सुरू होतं, डेडस्टिकिंग. मराठीत सांगायचं तर हात न हलवता उभं राहणं. वाचायला सोपं आहे. आपल्याला ते अजिबात जमत नाही.

गाइड इलेक्ट्रिक मोटरवर बोट एका जागी धरून ठेवतो. सोनारच्या पडद्यावर खाली शेवया सांडल्यासारख्या रेघा दिसतात, ती मासळी. तो म्हणतो, "तीस फूट." तुम्ही रिळाचं बटण दाबून तंगूस खाली सोडायची आणि तो सांगेल त्या खोलीला थांबवायची. मासळीच्या किंचित वर ठेवली तर उत्तम, कारण स्ट्रायपरला वर बघून खायला आवडतं, खाली वाकून नाही. मग रॉड कमरेशी आडवा धरायचा आणि काहीही करायचं नाही. झटके नाहीत, वरखाली नाही. "बघू या लागलाय का" म्हणून उचलून बघणंही नाही.

हे चालतं कशामुळे? मासा थंड रक्ताचा. पाणी गार झालं की त्याचं पचन आणि हालचाल मंदावते, पळणाऱ्या भक्ष्यामागे तो ताकद घालवत नाही. त्याच वेळी थ्रेडफिन शॅडला गारठा सोसत नाही. पाणी ४५ फॅरनहाइटच्या खाली जायला लागलं की ते अर्धमेले होऊन थरथरत एका जागी लटकतात. तुमचा स्थिर फ्लूक म्हणजे हुबेहूब तसा अर्धमेला शॅड. बोट डुलते तेवढीच थरथर त्याला पुरते. आपण वर हात हलवला की तो अर्धमेला शॅड अचानक ठणठणीत होतो, आणि खालचा मासा पाठ फिरवतो.

पहिल्या खेपेला मी दर वीस सेकंदांनी रॉड उचलत होतो. काका मात्र रॉड बाकावर टेकवून दासबोधाच्या ओव्या पुटपुटत बसले होते. त्यांना सहा, मला शून्य. ओव्यांचा काही भाग असेल तर माहीत नाही, पण हात हलत नव्हते हे खरं.

थंडीत मासा लागल्याचं कळणंही वेगळं. उन्हाळ्यासारखा हिसका नसतो. टोक किंचित जड होतं, ओलं फडकं अडकल्यासारखं. कधी एक बारीक टक्. तेव्हा मागे झटका मारू नका. रॉड शांतपणे वर घ्या आणि गुंडाळायला लागा, गळ आपोआप रुततो. मासा जोर करून तंगूस ओढून नेऊ लागला की रीळ कर्रर्र वाजतं. वाजू द्या. घाबरून ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, आवळला की तंगूस तुटते. तो ओढेल तेव्हा थांबायचं, थांबेल तेव्हा गुंडाळायचं. रॉडचं टोक वर ठेवा आणि बोटीशी आल्यावर पुढचं गाइडवर सोपवा.

धरताना खालच्या जबड्यात अंगठा घाला, दात सँडपेपरसारखे असतात, चावत नाहीत. पाठीवरचे काटे आणि कल्ल्याच्या झाकणाची कड मात्र कापते. फोटो काढायचा तर मासा आडवा धरून पटकन काढा, विशेषतः सोडणार असाल तर.

अकराच्या सुमाराला कंटाळा आला की रॉड ठेवून इकडेतिकडे बघा. पांढरे पेलिकन ओळीने पोहत असतात, नशिबात असेल तर वाळलेल्या झाडावर बाल्ड ईगल दिसतो. परतताना वेळ असेल तर टेक्सासच्या बाजूचं हॅगरमन अभयारण्य वाटेत आहे. तिथे थंडीत स्नो गीज हजारोंनी उतरतात, मुलांना मासळीपेक्षा तेच जास्त आवडतं.

स्वतःच्या बोटीने गेलात तर निघताना बोटीतलं सगळं पाणी काढून टाका. झेब्रा मसल नावाचा चिवट शिंपला टेक्सासमध्ये पहिल्यांदा इथेच सापडला, २००९ मध्ये. पाणी न काढता बोट रस्त्यावर आणली तर दंड होतो.

धक्क्यावर आणि स्वयंपाकघरात

गाइड विजेच्या सुरीने एका मिनिटात मासा सोलतो. सालीसकट दोन बाजूंचं मांस काढतो, मग साल काढतो आणि उरलेलं सगळं टाकून देतो. इथे तोंड उघडायचं असतं, सुरी चालायच्या आधी. दोन-तीन मासे अख्खे मागा, किंवा खवलं काढून सालीसकट तुकड्या मागा. डोकीही मागून घ्या, कल्ले काढून. मी पहिल्यांदा मागितली तेव्हा गाइडला वाटलं की मी कुत्र्यासाठी नेतोय.

सोललेल्या मांसाच्या मधोमध लालसर-तपकिरी पट्टा असतो. तो कापून टाका. उग्र वास येतो तो त्याचाच. या एका कामामुळे "गोड्या पाण्यातला मासा आम्हाला नको" म्हणणारे लोक दुसऱ्यांदा वाढून घेतात. बर्फात नेताना मासा वितळलेल्या पाण्यात बुडू देऊ नका, पिशवी घट्ट बंद करा.

सालीशिवायच्या तुकड्या कालवणात फुटतात, त्या तळायला ठेवा. हळद, मीठ, आलं-लसूण, कोकमाचं आगळ आणि लाल तिखट लावून अर्धा तास ठेवा, मग तांदळाचं पीठ आणि रवा निम्मा-निम्मा. मांस कोरडं नि पापुद्र्याचं असल्याने तवा चांगला तापलेला हवा आणि तुकडी एकदाच उलटायची. डोकी आणि सालीसकटच्या तुकड्या कालवणाला. खोबऱ्याचं वाटण आधी पूर्ण उकळू द्या, मासा शेवटच्या सात-आठ मिनिटांना सोडा, आणि नंतर डाव घालू नका, नुसतं पातेलं धरून हलवा.